तीन नंबरच्या ड्रायरचे आभार

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६:१५

आजपासून ही वही. डॉक्टरांचा हुकूम. काल ब्लडप्रेशर वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, औषध रक्ताला देता येतं, स्वभावाला नाही. म्हणून रोज एक गोळी आणि रोज सकाळी वहीत तीन गोष्टी, ज्यांच्याबद्दल मनापासून आभार मानावेसे वाटतात. मनाला चांगलं बघायची सवय लागते, चिडचिड कमी होते, झोप सुधारते म्हणे. मी म्हणालो, डॉक्टर, मी चिडका नाही, स्पष्टवक्ता आहे. जरा ठासून म्हणालो असेन, कारण बाहेर बसलेले एक गृहस्थ नंबर आलेला असूनही उठून गेले.

बायको बरोबर होती. परतताना बसमध्ये म्हणाली, प्रमोशनचं पत्र आलंय. ती विमा कंपनीत आहे. शाखाप्रमुख करतायत, पण दुसऱ्या गावी, इथून बसने नऊ तास. याआधी दोनदा असं पत्र आलं, दोनदा तिने नकार कळवला. या वेळी अजून काही कळवलेलं नाही. अठ्ठावीस तारखेपर्यंत मुदत आहे, तोवर बघते, म्हणाली. काय बघते ते सांगितलं नाही. उघड आहे. माझ्यातला बदल बघणार. मी बदललो की ती राहिली.

सव्वीस दिवस. हॉस्पिटलच्या लाँड्रीची सकाळची शिफ्ट अकरा वर्षं हाकणाऱ्या माणसाला स्वतःला बदलायला सव्वीस दिवस म्हणजे चैन आहे.

आजचे आभार:
१. माझी इच्छाशक्ती.
२. माझा मोकळेपणा. (कोण एवढं मान्य करतं?)
३. बायको.

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ६:१५

झोप लागली. एका दिवसात गुण! नऊ तास घोरलो. हे बायकोने सांगितलं, म्हणजे तिलाही फरक जाणवतोय.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ६:२०

गोळी बंद केली. विचारपूर्वक. मनाने बरं होता येतं यावर ज्याचा विश्वास आहे त्याने गोळी घेणं हा मनाचा अपमान आहे. डॉक्टरांना सांगण्याची घाई नाही. निकाल बघून त्यांनाच कळेल.

मन इतकं हलकं झालंय की हे एकट्यापुरतं ठेवणं स्वार्थीपणाचं वाटतं. कृतज्ञता वाटली पाहिजे. कामावर, घरी, सगळीकडे. आजपासून.

आजचे आभार:
१. लाँड्रीतली वाफ. खिडकीतून ऊन आलं की तिच्यात पट्टे दिसतात. अकरा वर्षांत कधी बघितले नव्हते.
२. बायको चादरीची घडी घालताना गुणगुणते. तेही बघितलं नव्हतं.
३. मी हे बघितलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ६:१०

काल शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून बोललो. पंचवीस मिनिटं. म्हणालो, माणूस तक्रारीचं मशीन झालाय! सकाळी उठला की तक्रार, झोपला की तक्रार, स्वप्नातही तक्रार! हे चक्र कुठेतरी तुटलं पाहिजे, आणि ते इथे, या साबणाच्या वासात तुटणार! धुलाईची दोन मशीन संपून शिट्टी वाजवत होती, तरी कुणी हललं नाही.

एक ठोस सुधारणाही केली. आपल्याकडे शिफ्टची वही आहे. जाणारी शिफ्ट तीत बिघाड लिहून ठेवते: पट्टा सैल, नळ गळतो, रोलर अडकतो. येणारी शिफ्ट दिवसाची सुरुवात ते वाचून करते. म्हणजे दिवसाची सुरुवात रडगाण्याने! आजपासून त्या वहीत प्रत्येक नोंद 'आभार' या शब्दाने सुरू झाली पाहिजे. तक्रार लिहिणाऱ्याला जाब विचारला जाईल. प्रेमाने.

घडीमावशी (वीस वर्षं घडीच्या टेबलावर आहेत, म्हणून हे नाव) म्हणाल्या, साहेब, नळ गळत असेल तर काय लिहायचं? मी म्हणालो, मावशी, नळात पाणी आहे याबद्दल कृतज्ञ राहा. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. विचार रुजायला वेळ लागतो.

एक बारीक गोष्ट. कामगार मला मागून 'भोंगा' म्हणतात असं कळलं. भोंगा वेळ चुकवत नाही. छान वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार, रात्री ९:३०

घरी कृतज्ञता तक्ता सुरू. फ्रिजवर चिकटवला. तीन रकाने: मी, बायको, मुलगी. शिवाय जेवताना प्रत्येकाने तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या, त्याशिवाय वाढायचं नाही.

मी सुरुवात केली. सूप गार झालं.

बायको म्हणाली, एक, जेवण झालंय. दोन, लाईट आहे. तीन, उद्या रविवार. मी म्हणालो, जरा मनापासून. ती म्हणाली, रविवार मनापासूनच होता.

मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. म्हणाली, बाबा, यावर खरंच संशोधन झालंय, पण त्यात असंय की कृतज्ञता आपण मानायची असते, दुसऱ्यांकडून वसूल करायची नसते. अर्धवट वाचन! मी शांतपणे समजावलं. शेजारच्या काकांनी बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना? माणसं किती आपुलकीने चौकशी करतात. आजच्या आभारांत घेतलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ६:१५

शिफ्टची वही वाचून डोळे पाणावले. उतरवून घेतो:

"आभार, धुलाईच्या एक नंबर मशीनचे. ते आम्हाला रोज पाय धुवायला पाणी देते."

"आभार, इस्त्रीच्या रोलरचे. मधेच थांबून तो आम्हाला विश्रांती देतो."

"आभार, तीन नंबरच्या ड्रायरचे. बटण बंद केल्यावरही तो आम्हाला ऊब देत राहतो. असं निरपेक्ष प्रेम माणसातही नसतं."

शेवटची घडीमावशींची. ज्या बाई पूर्वी 'थर्मोस्टॅट गेला' एवढंच लिहायच्या, त्यांच्यातून हे बाहेर येतंय! शिफ्टपुढे मोठ्याने वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, साहेब, जरा दोनदा वाचा. दोनदा वाचलं. टाळ्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी ७:००

तक्त्यात बायकोचा रकाना आठवडाभर रिकामा. तिला वेळ मिळत नाही, हे मी समजू शकतो. म्हणून तिच्या वतीने मीच भरला. 'नवऱ्याच्या नव्या स्वभावाबद्दल आभार.' सात दिवस, सात खुणा. अक्षर तिच्यासारखं काढलं.

ती पाणी प्यायला आली. वाचलं. फ्रिजचं दार लावलं. काही बोलली नाही. पूर्वी अशा वेळी काहीतरी बोलायची. घरात शांतता येतेय.

१५ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ६:१५

काल जेवताना बायकोच्या तीन गोष्टी: मुलीची परीक्षा संपली, चप्पल दुरुस्त होऊन आली, अठ्ठावीस तारीख अजून लांब आहे. तिसरी ऐकून मीही सुखावलो. घाई नाही तिला. जायचं असतं तर घाई असती.

मी भाजीबद्दल तिचे आभार मानले, भांड्यांबद्दल मानले, गेल्या सव्वीस वर्षांबद्दल मानले. म्हणालो, तू नसतीस तर हे घर उभं राहिलं नसतं, तू या घराचा खांब आहेस. ती ओटा पुसत होती. म्हणाली, खांबाला कुणी विचारतं का हो, तुला बसायचंय का म्हणून?

विनोदबुद्धी परत आलेली दिसते. मनःस्वास्थ्याचं लक्षण.

१९ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी २:३०

तीन नंबरच्या ड्रायरमध्ये आज हॉस्पिटलची लोकरीची ब्लँकेट होती. एकशेवीस. बाहेर आली ती उशीच्या अभ्र्याएवढी. कडक. उभी राहत होती.

मी घडीमावशींना विचारलं, ड्रायर बंद होत नाही हे कुणी सांगितलं का नाही? त्यांनी शिफ्टची वही उघडून माझ्यासमोर धरली. अकरा तारखेपासून रोज लिहिलेलं. ऊब. माया. निरपेक्ष प्रेम. काल तर, "आभार, ड्रायरचे. त्याची माया आता हाताला चटका देते." मावशी म्हणाल्या, साहेब, दोनदा वाचा म्हणाले होते की हो.

मी अजिबात रागावलो नाही. आवाज वाढला तो ड्रायरच्या आवाजावर मात करण्यासाठी. ड्रायर तेव्हा बंद होता असं मावशींचं म्हणणं आहे, पण तो बंद होत नाही हीच तर मूळ अडचण.

मॅनेजरसाहेब आले. मी लगेच सकारात्मक बाजू मांडली: ही ब्लँकेट बाळंतिणींच्या वॉर्डात द्यावीत, नवजात बालकांच्या अगदी मापाची आहेत. साहेबांनी एक ब्लँकेट उचलून टेबलावर आपटलं. ठक्क असा आवाज आला. म्हणाले, हे बाळाला पांघरायचं?

२० नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी १०:००

घरी आहे. साहेबांनी दोन आठवडे सुट्टी दिली. म्हणाले, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, आणि तुमच्यापेक्षा शिफ्टला जास्त आहे. म्हणजे माझ्या तालमीचा ताण शिफ्टवर आलाय हे त्यांच्या ध्यानात आलंय. सूक्ष्म निरीक्षण. वहीतला 'आभार' मात्र त्यांनी काढून टाकला. काळाच्या पुढे असणाऱ्याचं हेच होतं.

आजचे आभार:
१. सुट्टी. आता पूर्ण वेळ बायकोसाठी.
२. आठ दिवस उरलेत.
३. अजून तिने काही कळवलेलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ६:१५

मी घरी असल्याने बायकोला किती आधार वाटतो! ती सकाळी ऑफिसला लवकर जाते आणि उशिरा येते. मी घर सांभाळतोय या विश्वासाने.

इमारतीतल्या ज्येष्ठ मंडळाच्या सेक्रेटरींनी गाठलं. अठ्ठावीसला चार वाजता सभागृह मोकळं आहे, दातांवर बोलणारे डॉक्टर येत नाहीयेत, तुम्ही अर्धा तास काही बोलाल का? मी विषय दिला: 'कृतज्ञता आणि मनःस्वास्थ्य: एक जिवंत अनुभव'. तयारी सुरू. मुद्दे एकेचाळीस.

२५ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ६:१५

मुलगी म्हणाली, बाबा, आईला तू एकदा तरी विचारलंस का? मी म्हणालो, काय? ती म्हणाली, जायचंय का ते. मी म्हणालो, बेटा, तिला काय हवंय ते मला माहीत आहे, त्यासाठीच तर एवढं करतोय. ती म्हणाली, माहीत आहे तर सांग. मी सांगितलं: तिला आपलं घर हवंय, आणि मी शांत व्हायला हवाय. मुलगी म्हणाली, दोन्हींत तूच आहेस.

हल्लीची मुलं फार पटकन निष्कर्ष काढतात. अभ्यासक्रमच तसा आहे.

डोकं जरा जड. तयारीचा ताण.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी ७:३०

बायको लवकर आली. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. चहा घेतला नाही. म्हणाली, उद्या पाचच्या आत मला कळवायचंय. उद्या अर्धा दिवस रजा घेते. साडेतीनला घरी येते. तुम्ही असाल ना? नीट बोलू. तुम्ही भाषण करायचं नाही, मी बोलेन.

साडेतीन! चारला माझं व्याख्यान. मी म्हणालो, अगं, उद्याच्या अख्ख्या व्याख्यानाचा कळस तूच आहेस. सगळ्यांसमोर, माईकवर तुझे आभार मानणार आहे. घरात बसून मी हे दोघांत बोललो तर ऐकणार कोण?

ती म्हणाली, मी.

मग हसली. उठली. म्हणाली, ठीक आहे, करा तुम्ही. समजूतदार बाई. हिच्यासाठी पंचेचाळीस मिनिटं राखून ठेवली आहेत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी ७:१५

पेटलो होतो! एक तास पन्नास मिनिटं! म्हणालो, ज्याला दिलेलं दिसत नाही त्याला मिळालेलं काय कळणार! आपल्या घरात राबणारे हात बघा! त्या हातांना कधी विचारलंत का, की दमलात का? सुरुवातीला तेवीस श्रोते, शेवटी सहा. तेवीस जण बसले होते तेव्हा कुणीतरी खोकलं, त्याला फक्त एवढंच विचारलं की तुम्हाला इथे बसायला मिळालंय याची काही किंमत आहे का. त्यानंतर थोडी गळती झाली. राहिलेल्या सहांपैकी दोघे डोळे मिटून तल्लीन होते. सेक्रेटरींनी तीनदा घड्याळ दाखवलं. घड्याळ नवीन असावं.

शेवटी दहा मिनिटं भोवळ आली, खुर्ची धरून बोललो. लोकांना वाटलं भावनेने.

घरी आलो. बायको कपाटातले कपडे काढून पलंगावर मांडत होती. मी म्हणालो, तू यायला हवं होतंस, पाऊण तास फक्त तुझ्यावर बोललो. ती म्हणाली, मी पावणेपाचपर्यंत वाट बघितली. मग फोन करून हो म्हणून कळवलं.

मी म्हणालो, 'हो' कशाला?

ती म्हणाली, स्वेटर तीन पुरतील ना? तिकडे गारठा असतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ६:१५

शांत चित्ताने विचार केला. 'हो' हे अंतिम नसतं. ऑफिसात अशी पत्रं बदलतात. शिवाय माझी प्रगती तिने अजून पूर्ण पाहिलेली नाही.

तिला म्हणालो, मी एवढा बदललो ते कुणासाठी? ती म्हणाली, खरंच, कुणासाठी? टोमणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं असं वाटलं. मी उत्तर द्यायला सुरुवात केली, पण तिची बॅग बंद होत नव्हती, मग मी बॅगेवर बसलो.

१ डिसेंबर, सोमवार, दुपारी १:००

डॉक्टर. एकशे शहाऐंशी. म्हणाले, गोळी घेताय ना? मी वही दाखवली. त्यांनी चार पानं वाचली. चष्मा काढला. म्हणाले, मी तुम्हाला आभार मानायला सांगितलं होतं, पावत्या फाडायला नाही. गोळी दुप्पट केली. वही ठेवायची असेल तर ठेवा म्हणाले, अपाय नाही, फक्त घरच्यांच्या हाती लागू देऊ नका.

४ डिसेंबर, गुरुवार, दुपारी ३:४५

कामावर रुजू. आनंदाची बातमी: माझ्या दोन आठवड्यांच्या गैरहजेरीत सकाळच्या शिफ्टमध्ये एकानेही आजारपणाची रजा घेतली नाही. एकाचीही डोकेदुखी नाही, कंबर नाही, पित्त नाही. असं अकरा वर्षांत पहिल्यांदा. घडीमावशींची झोपेची गोळी सुटली. मी साहेबांना म्हणालो, बघा, मी पेरलेलं उगवायला दोन आठवडे लागले. साहेब म्हणाले, तुम्ही रात्रपाळीचं बघाल का? म्हणजे आता रात्रपाळीचंही मनःस्वास्थ्य माझ्यावर सोपवतायत.

रात्रपाळीत एकच माणूस असतो. बॉयलरवाला. ऐकू कमी येतं त्याला.

७ डिसेंबर, रविवार, सकाळी ९:३०

बसस्टँडवर गेलो होतो. निरोपाचं छोटं मनोगत खिशात होतं, चारच पानं. पहिल्या पानावर ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती खिडकीतून म्हणाली, मुलीला सकाळी उठवू नका, ती आपली उठते. बस गेली. उरलेली तीन पानं मुलीला वाचून दाखवावीत का असा विचार आला. तिने माझा हात धरला होता, तो तसाच धरून आम्ही चालत आलो. वाचली नाहीत.

आजचे आभार सुचले नाहीत. उद्या सहा लिहीन.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी ११:४०

बायकोला फोन केला. बोलायचे मुद्दे लिहून ठेवले होते. नऊ. पहिला मुद्दा, आभार.

तिने 'हॅलो' म्हटलं. आवाज तिचाच, पण मागे घाई नव्हती. मी पहिला मुद्दा उघडणार तेवढ्यात समोर बसलेली मुलगी नुसती बघत राहिली माझ्याकडे. कागद खाली ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कशी आहेस?

मग ती बोलली. वीस मिनिटं. एवढी सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं असेल ते आठवेना. खोलीला पूर्वेची खिडकी आहे. शाखेत सात माणसं आहेत, त्यातला रोखपाल बेसूर गातो आणि सगळे त्याला गाऊ देतात. संध्याकाळी ती तळ्याभोवती चालते, दोन फेऱ्या. पाठ दुखायची पूर्ण थांबली.

मी विचारलं, पाठ कधी दुखत होती?

म्हणाली, सात वर्षं झाली असतील. सकाळी उठल्यावर तर बाथरूमपर्यंत भिंत धरून जावं लागायचं. मी म्हणालो, अगं, मग मला कसं कळलं नाही? तसा आवाज करत नव्हते मी, म्हणाली. आणि गेल्या महिन्यात तर अगदीच जपून जायचे, तुम्ही टेबलाशी बसून वही लिहीत असायचात ना, म्हणून.

मुद्दे नऊच्या नऊ राहिले.